मंग?

माझी मुलगी बोलायला लागली तेव्हापासून मी तिचा एक शब्द दुरुस्त करत आलो होतो. गोष्ट ऐकताना ती विचारायची, "मंग?" आणि मी गोष्ट तिथंच थांबवून म्हणायचो, "मंग नाही, मग." मी लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. मूळचा निलंग्याकडचा, म्हणजे लहानपणी मीही 'मंग'च म्हणत होतो. पण शिकून शहाण्या झालेल्या माणसाला आपलं लहानपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही. शेवटी पोरीनंच तोडगा काढला. माझ्याशी बोलताना 'मग', आणि सुट्टीत मामाकडं गेली की 'मंग'. आठ वर्षांची झाली तोवर एका दमात मान वळवून ती दोन्ही म्हणायची, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

त्याच कॉलेजात मी दरवर्षी 'कथा म्हणजे काय' हे शिकवतो. फळ्यावर सात मुद्दे लिहितो, कथानक, पात्रं, संघर्ष वगैरे. मुलं निमूट उतरवून घेतात. त्या मुद्द्यांचा मला चांगलाच ताठा होता. गेल्या दिवाळीपासून तो फळा आठवला तरी माझाच मला राग येतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं बायकोच्या माहेरी गेलो होतो. लोह्याच्या पुढं, नांदेडच्या बाजूला त्यांचं खेडं आहे. मेहुण्याचं सोयाबीन काढून झालं होतं आणि मळणी यंत्राची वाट बघत शेतात त्याची बनीम लागली होती, मोठा ढीग, वरून ताडपत्री. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही सगळे तिथंच होतो. पोरीचा चेंडू घरंगळत बनमीच्या बुडाशी गेला. ती वाकली, ताडपत्रीचा कोपरा उचलला, आणि तशीच मागं सरकून म्हणाली, "मामा, चावलं."

मेहुणा पाच पावलांवर होता. त्यानं नागाचा फणा डोळ्यांनी बघितला. मी पोचलो तेव्हा तिच्या घोट्याच्या वर दोन बारीक ठिपके होते आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू चप्पल हरवली म्हणून मी आता रागावणार आहे.

गावातल्या नर्सबाई धावत आल्या. कुणीतरी बांधायला दोरी आणली होती, ती त्यांनी लांब फेकून दिली. पायाला सरळ फळी लावून पट्टी गुंडाळली. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेली होती, म्हणून शेजाऱ्यांची जीप काढली. नर्सबाई मला म्हणाल्या, "थेट नांदेडला न्या. लहान लेकरू हाय, श्वासाचं मशीन लागलं तर तिथंच मिळंल. वाटंत हिला झोपू देऊ नका, बोलतं ठेवा. पापण्या मिटायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला, की किती वाजले ते ध्यानात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील."

मेहुणा गाडी चालवायला बसला. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर पोरीचं डोकं, आणि पोरीचे पाय धरून मी. नांदेड पाऊण तासावर होतं.

बोलतं ठेवा. सोपं काम, तेही माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला. पण दुखतं का, तहान लागली का, हे दोनचारदा विचारून झालं आणि माझे शब्द संपले. पोरीनं डोळे मिटले. बायकोनं तिचा गाल हलवला. मी म्हणालो, "बाळा, गोष्ट सांगू?"

तिनं डोळे उघडले आणि खिडकीतून येणारं ऊन बघितलं. "दिवसा न्हाई सांगायची. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

हे आमच्याकडं सगळ्याच लेकरांना सांगतात. आया-आज्या दिवसा कामात असतात, पोरं गोष्टीसाठी पदर ओढतात, तेव्हा त्यांना गप्प करायची ही युक्ती. मी वर्गात यावर विनोदही करत असे. पण त्या दिवशी तिचा सख्खा मामा समोर गाडी चालवत होता.

बायको शाळेत गणित शिकवते. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन पुढं जाणारी बाई. ती म्हणाली, "अहो, नका सांगू. दुसरं काहीतरी बोला."

"काय बोलू? पाढे म्हणू?" मी खेकसलो. माझा स्वभाव तापट आहे आणि भीती वाटली की तो आणखी तापतो. बायकोनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले.

मेहुण्यानं आरशातून मागं पाहिलं. "सांगा दाजी. मी चुकत न्हाई."

मग मी आटपाट नगरातला राजा काढला. राजाला दोन राण्या होत्या म्हणालो आणि मला पुढं काही सुचेना. पोरीच्या पापण्या खाली आल्या. दोन ओळी ढकलल्या, तिचा आवाज नाही. मी राजा सोडला आणि एका हुशार कोल्ह्याला धरलं. त्यात संघर्ष होता, पात्रं होती, माझे सातही मुद्दे होते. पोरगी त्यातल्या एकालाही हुंकारा देईना. नीट रचलेल्या गोष्टी मी शेकड्यानं वाचल्या आहेत, आणि माझ्या लेकीला जागं ठेवायला त्यातली एक उपयोगी पडत नव्हती.

बायको तिच्या कानाशी वाकली. "मामा लातूरला आला होता, ती सांगू दे बाबांना?"

पोरीनं डोळे उघडले. तिनं थोडा विचार केला. "ती चालंल. तीत मामा आधीच चुकलाय."

ती गोष्ट म्हणजे काही गोष्टच नाही. ही जन्मली तेव्हा मेहुणा डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीनं लातूरला आला होता आणि आमचं घर काही त्याला सापडलं नाही, एवढंच. पण ती पोरीनं शंभरदा ऐकली होती. मी सुरू केलं.

"मामा स्टँडवर उतरला. हातात डबा. फोन बंद पडलेला."

"मग?" ती म्हणाली.

इतका स्वच्छ, इतका टणक 'मग'. माझ्या जिवात जीव आला.

"मग त्यानं एका पोराला विचारलं, सरांचं घर कुठंय. आता लातुरात सर थोडे आहेत का? गल्लोगल्ली क्लास, दारोदार सर. त्या पोरानं मामाला नेऊन सोडलं एका क्लासवाल्या सरांकडं."

"मग?"

"त्या सरांना वाटलं, हे पालक आहेत. त्यांनी मामाला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, मुलीला डॉक्टर करायचंय की इंजिनीयर?"

"मग मामा काय म्हणला?"

"मामा म्हणाला, साहेब, ती आजच जन्मलीय."

बायको हसली. मीही हसलो. रस्त्याला गाड्यांची गर्दी होती, मेहुणा हॉर्न देत, बाजूला घेत, जमेल तेवढी जीप पळवत होता. मी सांगत होतो, ती 'मग' म्हणत होती, आणि प्रत्येक 'मग' कानावर पडला की मला पुढचं वाक्य सापडत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की गोष्ट सांगणारा ओढतो आणि ऐकणारा मागून येतो. त्या जीपमध्ये ओढत ती होती.

पण गोष्ट लहान होती आणि रस्ता लांब. मामा क्लासमधून बाहेर पडून चौकात उभा राहिला, इथं गोष्ट जवळजवळ संपते. खरं तर तिथून तो सरळ चालत आमच्या गल्लीत आला होता. मी घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं तरी होती. मामाला इतक्यात घरी पोचवून कसं चालेल? म्हणून मी चौकात एक शेळी आणली.

"शेळीला लाडवांचा वास लागला. मामा पुढं, शेळी मागं. मामा डावीकडं, शेळी डावीकडं."

पोरीच्या ओठांवर हसू आलं. पुढून मेहुणा म्हणाला, "शेळी कुठून आली दाजी? शेळीबिळी काय नव्हती."

"होती. तू विसरलास."

"म्या कामून विसरू? माझ्या हातात डबा, मला शेळी दिसू नये?"

"शेळीनं डब्यावर तोंड मारलं, तेव्हा ओरडलं कोण?"

मेहुणाही हसला. पहिल्यांदाच त्याचे खांदे जरा सैल झाले. आणि त्याच हसण्यात एक फाटा मागं पडला. रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळं वाहतूक एका जागी डावीकडं वळवलेली होती. आम्ही सरळ गेलो. थोड्याच वेळात डांबर संपलं, दोन्ही बाजूंना ऊस आला आणि समोर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल. मेहुण्यानं ब्रेक दाबला.

"चुकलो," तो म्हणाला.

बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अरुंद रस्त्यावर जीप वळवताना मेहुण्याचे हात गिअरवरून दोनदा घसरले. शेळी माझी होती. तो चुकला तो माझी गोष्ट ऐकताना, आणि खोटं सहन झालं नाही म्हणून. आया-आज्यांची ती युक्ती पोरांना गप्प करायला होती खरी, पण गोष्टीत गुंतलेला माणूस खरंच वाट चुकतो, एवढं त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

गाडी अजून वळतच होती, तेव्हा पोरीचा आवाज आला.

"मंग?"

आणि मी सवयीनं म्हणालो, "मंग नाही बाळा, मग."

खरंच म्हणालो. मामा मधे बोलला म्हणून ती मामाच्या बोलीत गेली, असं मला वाटलं. अशा वेळीही माझ्यातला मास्तर जागा होता. तिनं माझ्याकडं बघायचा प्रयत्न केला. उजवी पापणी अर्ध्यावर थांबली होती.

तेव्हा नर्सबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात आलं. नाकातून.

"बाळा, 'मग' म्हण."

"मंग."

"माझ्याशी म्हणतेस तसं. मग."

तिनं ओठ जुळवले. कपाळावर आठी पडली. मला खूश करायचा तिचा तो चेहरा मी ओळखतो. "मंग," ती म्हणाली. आणि पुन्हा, कुणी न सांगता, "मंग."

सात वर्षं मी तिला एक अनुस्वार काढायला लावला होता, आणि आता ती सगळा जोर लावूनही तो काढू शकत नव्हती. मी पुढं वाकून मेहुण्याला फक्त एवढं म्हणालो, "पळव." त्यानं कारण विचारलं नाही. मला घड्याळ बघायचं भान राहिलं नाही. मी शेळीला घेऊन लातूरच्या गल्ल्यांतून बोलत सुटलो. काय बोललो ते आठवत नाही. 'मंग' आधी मऊ झाला, मग नुसता 'अं' राहिला. दवाखान्याच्या फाटकातून जीप आत शिरली तेव्हा ती ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या, बोलण्यावरून पुण्याकडच्या. त्यांनी चावा बघितला, पापणी उचलली, आणि विचारलं, "आवाज कधी बदलला?"

"शेळी आली त्यानंतर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बायको पुढं झाली. क्लासच्या सरांपर्यंत 'मग' स्पष्ट होता, शेळी आली तेव्हाही हसली, जिनिंगपाशी गाडी वळवताना पहिल्यांदा 'मंग' आला, तिथून इथवर साधारण बावीस मिनिटं. ती गणिताची बाई आहे. तिनं ती गोष्ट घड्याळासारखी ऐकली होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, आणि थोड्या वेळानं पोरीच्या घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावलं.

"ती बेशुद्ध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "विषानं स्नायू ढिले पडलेत, डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही. पण तिला ऐकू येत असणार. आत गेलात की रडू नका. बोला."

सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ एकेकाला आत सोडत. मेहुणा एकदाही गेला नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला. बायकोनं समजावलं, मी समजावलं. तो खाली बघत एकच म्हणायचा, "म्या चुकलो ना. माझ्यानं येळ गेला." शेळी माझी होती, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण उठला नाही. रिवाज पाळला असता तर बरं झालं असतं, असं तो बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर सापडलं नसतं.

आत मी तिच्या कानाशी बसायचो. आयुष्यात मी इतकी भाषणं केली, कधी श्रोत्यांची पर्वा केली नाही. पण हुंकाऱ्याशिवाय गोष्ट सांगणं काय असतं ते तिथं कळलं. वाक्य टाकायचं आणि थांबायचं. मशीनचा आवाज. पुन्हा वाक्य टाकायचं. मी तिला आमच्या गल्लीबद्दल सांगितलं, तिच्या वर्गाबद्दल, ती लपवून ठेवते त्या पेन्सिलींबद्दल. चौकात उभ्या असलेल्या मामाबद्दल मात्र एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोनं बाहेर विचारलं, "ती गोष्ट पुरी केलीत का?"

"नाही."

"का?"

गोष्ट पुरी झाली, मामा घरी पोचला, तर तिला विचारायला काय उरणार, ही माझी भीती होती. दिवसा गोष्ट नको म्हणणाऱ्या बायकोवर खेकसलेला मी, आता स्वतःच एक रिवाज काढून बसलो होतो. बायकोला ते न सांगताच कळलं असावं. ती म्हणाली, "राहू द्या मग. उभा राहू दे त्याला चौकात."

त्या संध्याकाळी मी पेन्सिलींचं पुन्हा सांगत होतो. एक वाक्य संपवून थांबलो, आणि माझ्या हातातलं तिचं बोट हललं. मला भास वाटला. पुढचं वाक्य सांगितलं, थांबलो. बोट पुन्हा हललं. वाक्य, बोट. वाक्य, बोट. रडू नका म्हणून बजावलं होतं, तरी मी रडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी आम्हा दोघांना एकदम आत घेतलं. पोरीचा घसा बसला होता, चेहरा सुकला होता, पण दोन्ही डोळे पूर्ण उघडे होते. डॉक्टर तिच्याकडून शब्द म्हणवून घेत होत्या. पापड. काकडी. बाबा. प्रत्येक शब्द खरखरीत, पण स्वच्छ.

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मंग?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हे परत म्हण बरं."

"मंग."

"हा नाकातून येतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पापड नीट आलं, मग इथंच का?"

"नाकातून नाही," मी म्हणालो. "आमच्याकडं असंच म्हणतात."

"पण याच शब्दावरून तुम्हाला कळलं होतं ना, परवा?"

"परवा ते विष होतं. आज ती आमचं बोलतेय." माझा आवाज चढला असावा, कारण बायकोनं माझ्या दंडाला हात लावला.

डॉक्टरांची खात्री पटली नव्हती. त्या पोरीकडं वाकल्या. "बाबांशी बोलताना कसं म्हणतेस?"

"मग," पोरगी म्हणाली. टणक, कोरडा, एकही अनुस्वार नाही.

"आणि मामाशी?"

"मंग." आणि तिला हसू आलं, कारण असल्या गोष्टी मोठ्या माणसांना शिकवाव्या लागतात याची तिला गंमत वाटली. डॉक्टरही हसल्या. त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं.

"मामा कुठाय?" पोरीनं विचारलं.

मी बाहेर गेलो. मेहुणा बाकावर तसाच होता, तीन दिवसांच्या दाढीसकट. म्हणालो, "ती बोलायला लागली. तुला बोलावलंय." तो उठेना. मी त्याचा दंड धरला आणि ओढतच आत आणला. तो पलंगापासून चार हात लांब उभा राहिला आणि तिच्या पायाकडं बघत राहिला.

"मामा," पोरगी म्हणाली, "तू चौकात होतास. मंग?"

त्यानं खिडकीकडं बघितलं. भर दुपार होती, ऊन पलंगाच्या दांडीवर आलं होतं. "दिवसा नगं माय," तो म्हणाला. "सांजच्याला सांगतो."

"आता काय न्हाई होत. तू आलास की इथं."

मेहुण्यानं चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. पुढं आला, स्टूल ओढलं आणि तिच्या उशाशी बसला. घसा खाकरला. माझ्याकडं एकदा बघून म्हणाला, "पहिलं सांगतो, शेळी नव्हती." आणि मंग त्यानं गोष्ट पुरी केली.